मेश्राम सरांनी बदललेल्या तीन डिस्क

मेश्राम सरांना मी प्रथम पाहिले ते संगणकाच्या दुकानात. आमच्या महाविद्यालयाच्या ध्वनिसंग्रहात मी त्या दिवशी रुजू होत होतो आणि प्रमुख असलेले सर हार्ड डिस्कवरची बारीक अक्षरे भिंगातून वाचत होते. कंटाळलेल्या दुकानदाराने विचारले, "साहेब, डिस्क घेऊन राहिले का जावई पाहून राहिले?"

"जावई एकच पाहा लागते," सर म्हणाले. "मले चार जण एका घरात नांदवाचे आहेत."

डिस्क अगदी जुळत्या हव्यात, एवढाच बोध मी घेतला.

रामटेककडच्या बायकांची भाताच्या रोवणीची गाणी आमच्याकडे चार डिस्कवर मिळून साठवलेली असतात. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघींवरून सारे परत उभे राहते. दोन एकदम गेल्या तर सारेच जाते. त्या गाण्यांची दुसरी प्रत नव्हती आणि गाणाऱ्यांपैकी कित्येकजणी आता नाहीत.

सर मुलीच्या लग्नासाठी रजेवर असताना नवीन डिस्क घ्यायची वेळ आली. मी एकाच खोक्यातल्या, ओळीने क्रमांक असलेल्या चार आणल्या. समितीने माझे कौतुक केले. परतल्यावर सरांनी त्या पाहिल्या, "छान" म्हणाले आणि मला दोन दिवस ध्वनिमुद्रणासाठी रामटेकला पाठवले.

वर्षभराने एक डिस्क बंद पडली. बाकी तिघी तगल्या, गाणी वाचली. पुन्हा माझेच कौतुक झाले आणि मी ते आनंदाने घेतले.

संत्रा बर्फी घेऊन सरांच्या घरी गेलो, तर वहिनी रागावलेल्या. घरच्या तिन्ही डिस्क एकाच आठवड्यात गेल्या होत्या आणि त्यांच्यासोबत लग्नाचे सगळे फोटो. डिस्क टेबलावरच होत्या. भिंगातून पाहिले, तर क्रमांक माझ्याच खोक्यातले.

"सर, सांगितलं काहून नाही?"

"तुही पहिली खरेदी होती, गा." सर मूळचे मिरचीच्या भिवापूरचे. "एका पोत्यातली मिरची सडते तं सारी संगच सडते. म्हणून पोतं घरी आणलं, एकच तिथं ठेवली अन् बाकी तीन वेगवेगळ्या पोत्यातल्या लावल्या."

"अन् माह्या पोरीचे फोटो?" वहिनी म्हणाल्या.

"जावई दर रविवारी येऊनच राहिला ना."

"तो जेवताना दिसते. मले हळदीतला पाहाचा आहे."

पुढचे दोन महिने मी नातेवाइकांच्या मोबाइलमधून फोटो गोळा केले. हळदीतले जावई सापडले, थोडे अस्पष्ट. समितीने केलेले कौतुक मात्र आजवर माझ्याकडेच राहून गेले होते. सरांच्या साठीनिमित्त ते मी सर्वांसमक्ष त्यांना परत करतो.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे डोळे, दात, गुडघे आणि हृदय एकाच लॉटचे नसोत.