दुरुस्त केलेला चेहरा

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. बायकोपुढे एकदा पडता पडता राहिली. जेवताना घास अडकला, तिने पाणी दिलं, आणि पाण्याबरोबर ही गोष्टही खाली गेली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण बघा, सुरुवातीलाच अडखळायला लागलो.

ताडकळसच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी टाकलेला, मी वाढवलेला. लग्न, बारसं, शाळेचे फोटो, आणि माणूस गेल्यावर भिंतीवर लावतात ते. आता खोटं म्हणाल तर आमच्या धंद्यात ते रोजचंच. "भाऊ, पोरीला जरा उजळ करा, पाव्हण्याकडं पाठवायचाय," असं बाप सांगतो आणि आम्ही करतो. जन्मात कोट न घातलेल्या म्हाताऱ्याला मेल्यावर कोट घालून देतो. त्या खोट्याचं मला कधी काही वाटलं नाही, कारण करून घेणाऱ्याला ते माहीत असतं. मी सांगतोय ते तसं नाही — तसं असतं तर सांगायला बसलोच नसतो.

दसरा झाला की आमच्या भागातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला निघतात. आमच्या स्टुडिओत त्यांची एक रीत आहे, वडिलांच्या काळापासूनची. निघायच्या आधीच्या बाजाराला सगळं घर येऊन उभं राहतं. जाणारे आणि मागे राहणारे म्हातारे, सगळे एकाच फोटोत. फोटो निघताना काढायचा, प्रिंट मात्र परत आल्यावर न्यायची. मोबाईलवर पाठवू का म्हटलं तरी बायका हात हलवून नको म्हणतात. आपली तसबीर इथे राहिली की ती न्यायला आपण धडधाकट परत येतो, असं त्यांनी मनाशी धरलेलं आहे. मी या समजुतीला हसायचो. पण जपायचोही, गिऱ्हाईक टिकतं म्हणून.

त्या वर्षी संक्रांतीनंतर मी नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. जुना इतका संथ झाला होता की एक फोटो उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. परभणीत एका दुकानदाराने जुना परत घेऊन नवा द्यायचं कबूल केलं. प्रश्न राहिला सॉफ्टवेअरचा. जुन्यात होतं ते कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आणलेलं, चोरीचंच म्हणा. नव्यात ते चालेना. आता सरळ मार्गाने परवडणारं काहीतरी घ्यायचं होतं. नावाजलेलं होतं ते दर महिन्याला भाडं मागणारं, म्हणजे घरात जावई ठेवल्यासारखं. दुसरं अगदी फुकट होतं, आणि चांगलं होतं. माझ्या जुन्या फायली त्यात उघडत होत्या, हे मी स्वतः करून पाहिलं. पण ते शिकायला वेळ लागणार होता. प्रत्येक बटण वेगळ्या जागी. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर पुन्हा बालवाडीत बसायचं?

आणि तिसरं — एकदाच घ्यायचं, स्वस्तातलं. दुकानदाराने माझ्यासमोर एक फाटका, डाग पडलेला फोटो त्यात घातला, एक बटण दाबलं, आणि आतला माणूस कालच फोटो काढल्यासारखा लख्ख झाला. 'चेहरा दुरुस्ती' असं त्याचं नाव. वय कमीजास्त करायची पट्टीसुद्धा होती, सरकवली की पोराचा तरुण. मी हरखून गेलो. लग्नसराई तोंडावर होती, तालुक्यात असं कुणाकडे नसणार. घेऊन टाकलं.

त्यात माझ्या जुन्या फायली उघडत नव्हत्या. उघडली की पांढरा चौकोन. जागा वाचवायला मूळ फोटो पुसून टाकायचे आणि एडिट केलेली फाईलच ठेवायची, ही माझी सवय. म्हणजे माझ्याकडे होते ते सगळे पांढरे चौकोन. ते फुकटचं सॉफ्टवेअर सोबतीला टाकून घेतलं असतं तरी भागलं असतं, नाही का? दुकानदाराने विचारलं, "जुन्यातलं काही घ्यायचंय का, का पुसून टाकू?" लग्नाचे अल्बम तर देऊन झालेले होते. मी म्हणालो, पुसा. ऊसतोडीला गेलेल्यांचे फोटो त्यातच आहेत हे मला आठवलं नव्हतं, असं मी तुम्हाला सांगू शकतो. पण आठवलं होतं. परतीच्या वाटेवर नाही, तिथेच, त्याच्या काउंटरपाशी आठवलं होतं. म्हटलं, परत काढू. त्यात काय?

आणि झालंही तसंच. उन्हाळ्यात माणसं परत यायला लागली. मी प्रत्येकाला सांगायचो, कॉम्प्युटर बिघडला, फोटो गेले, या, परत काढतो, पैसे नकोत. लोक कुरकुरायचे, हसायचे, केसांवरून हात फिरवून पुन्हा उभे राहायचे. सगळे परत आलेले होते, म्हणून पुन्हा उभं राहता येत होतं.

मग सुमनताई आल्या. आमच्याच गावाच्या कडेच्या वस्तीवरच्या. दसऱ्यानंतर त्या, नवरा, सासू आणि बारा वर्षांची लेक मुक्ता, असे चौघं माझ्यासमोर उभे राहिले होते. मुक्ताला मी ओरडलोही होतो, सारखी हलत होती म्हणून. आता त्या एकट्याच होत्या, आणि आत न येता पायरीवर थांबल्या होत्या.

"भाऊ, मुक्ती गेली आमची. फडात ताप आला, दवाखान्यात नेस्तोवर..." मग म्हणाल्या, "तुमच्याकडचा फोटो तेवढा हाय. त्यातून तिला एकलीला मोठं करून द्या. दुसरा न्हाई भाऊ कुठंच."

मी म्हणालो, "हाय ना ताई. या, बसा."

हे शब्द कसे बाहेर पडले? दया होती की भीती? आजही मला ठरवता येत नाही. बाकीच्यांना सांगितलं तेच त्यांना सांगायला हवं होतं. पण 'परत काढू' हे पुढचं वाक्य कुठून आणणार? आणि एकदा 'हाय' म्हणून बसलो, की पुढचं सगळं त्या एका शब्दाला सांभाळत गेलं. दुकानदाराला फोन करायलाही हात धजावला नाही. पुसलेलं कधीकधी परत मिळतं, हे मला माहीत होतं. पण त्यासाठी आधी पुसलं हे मान्य करावं लागलं असतं.

मी काय केलं ते नीट सांगतो. मी त्यांना म्हणालो, "ताई, फोटोखाली नाव बरोबर यायला पाहिजे, पोरीचं आधार कार्ड आणा." त्या दुसऱ्या दिवशी घेऊन आल्या, पदराच्या गाठीतून काढून दिलं. नाव मला ठाऊक होतं हो! मला त्यावरचा फोटो पाहिजे होता. पाच वर्षांच्या पोरीचा, नखाएवढा, काळपट, काही न दिसणारा. तो मी नव्या कॉम्प्युटरमध्ये घेतला, बटण दाबलं, वयाची पट्टी सरकवली. आणि पडद्यावर एक बारा वर्षांची मुलगी आली. गोरटेली, मोठ्या डोळ्यांची, सरळ दातांची. छान मुलगी होती. कुणाची होती देव जाणे.

फ्रेम हातात घेऊन सुमनताई कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "भाऊ, ही मपलीच मुक्ती हाय का?"

तेव्हा तरी! तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं की नाही मी?

"तिचा एक दात पुढं होता," त्या म्हणाल्या. "आन् डोळे आसे न्हवते वाटतं. बारके होते."

आणि मी — हेच ते, इथपर्यंत यायला इतका फिरत होतो — मी त्यांना म्हणालो, "ताई, दुःखात असं होतं. तुमी रडून रडून चेहरा इसरून गेल्याव. फोटो कसा खोटं बोलंल?"

फोटो बनवून देणं एक वेळ कुणी माफ करील. पण त्या बाईकडे लेकीचं आता काय राहिलं होतं? एक पुढे आलेला दात आणि बारके डोळे, एवढंच तर राहिलं होतं. तेही मी तिच्या मनातून उपटून काढलं, आणि वर समजूत घातल्यासारखा आवाज काढून. त्यांनी पदराने काच पुसली. म्हणाल्या, "आसंल भाऊ. मपलंच डोस्कं ठिकाणावर न्हाई. राग मानू नका." त्यांनी माझी माफी मागितली. मी म्हणालो, राहू द्या.

पुढे पावसाळ्यात कॅमेऱ्याची बॅग वाळवायला काढली. फ्लॅशच्या कव्हरमध्ये एक मेमरी कार्ड सापडलं. दसऱ्यानंतरच्या त्या गर्दीच्या बाजारात भरलं म्हणून बाजूला ठेवलेलं, पुसायचं राहून गेलेलं. आता तुम्ही ओळखलंच असेल. चौघं उभे आहेत. नवरा ताठ, सासूची नजर दुसरीकडे, सुमनताईंचा हात पोरीच्या खांद्यावर. आणि मुक्ता हसतेय. डोळे बारके, हसून आणखी बारीक झालेले. एक दात पुढे.

तो फोटो मी माझ्या कॉम्प्युटरमध्ये ठेवला आहे. उघडला की सॉफ्टवेअर आपणहून विचारतं, चेहरा दुरुस्त करायचा का. मी बंद करतो. त्यांच्या घरी नेऊन द्यावा म्हणून दोनदा प्रिंट काढली, आणि दोनदा फाडली. मनाला सांगितलं, आता कुठे बाईला जरा उसंत मिळाली आहे, कशाला पुन्हा जखम उघडायची. मनाला सांगायला माझ्याकडे बरंच असतं. मला माझं दुकान आणि गावातलं तोंड वाचवायचं होतं, बस.

यंदा दसऱ्यानंतर ते तिघं पुन्हा आले, निघायच्या आधीच्या बाजाराला. बाहेर ओळीत उभ्या असलेल्या एका बाईने त्यांनी सोबत आणलेली फ्रेम बघून विचारलं, ही कोण. सुमनताई म्हणाल्या, "लेक मपली. लय देखणी होती. मीच इसरत चालले होते, ह्या भाऊंनी ध्यानात आणून दिलं."

मग त्या आत येऊन फोटोच्या रंगीत पडद्यापुढे उभ्या राहिल्या. फ्रेम छातीशी धरली, दोन्ही हातांनी, लेकरू धरतात तशी. कॉम्प्युटर माझ्या पाठीशीच चालू होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्यांनी काचेवर उजेड चमकू नये म्हणून फ्रेम जराशी तिरपी केली आणि म्हणाल्या, "भाऊ, मुक्तीचा चेहरा नीट येऊ द्या बरं."

मी म्हणालो, "येतोय ताई." आणि बटण दाबलं.