कशालाही न लागणारी किल्ली

दारं नंबर दाबून उघडायला लागली आणि किल्लीवाल्यांनी दुकान बंद केलं. घरी आली ती कानस, पक्कड आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात चारशे किल्ल्या होत्या. काही चुकीच्या कापलेल्या, काही गिऱ्हाइकं न्यायला विसरलेली. डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर बसला आणि बायकोच्या डोळ्यांत खुपायला लागला.

"अहो, फळीवर एक तर हा डबा राहील, नाहीतर माझी साखरेची बरणी," ती म्हणाली.

सुनेने तोड काढली. ऑनलाइन लिलावात म्हणे लोक काहीही विकतात. तिने फोनवर दाखवलं. कुणी आजोबांची कवळी विकायला काढली होती, 'हसरी' म्हणून. एका बाईने नवऱ्याचं व्यायामाचं यंत्र काढलं होतं, 'आजवर घामाचा थेंब लागलेला नाही'. किल्लीवाले पोट धरून हसले आणि डब्यातली सगळ्यात मोठी पितळी किल्ली त्यांनी सुनेच्या हातावर ठेवली.

सुनेने लिहिलं, 'जुनी, दुर्मीळ'.

"दुर्मीळ कसली? माझ्याच हातून बिघडली ती. खरं काय ते लिही. कशालाही लागत नाही, हमी माझी."

लोकांना नेमकी ती हमीच आवडली. बोली चढत गेली. बायकोसुद्धा भाजी चिरायची सोडून बघत बसली. किल्लीवाल्यांनी मात्र फोनकडे पाठ फिरवली. जन्मभर लोकांची कुलपं उघडून दिली, आणि नाव झालं ते काहीच न उघडणाऱ्या किल्लीने. म्हणजे आपली चूक लोकांना हवी आहे, हात नकोय. हे त्यांच्या मनाला फार लागलं.

लिलाव एका शिक्षिकेने जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला. सुनेने तो मोठ्याने वाचला.

"काका, किल्ली इतक्यात पाठवू नका. आईच्या लाकडी पेटीला कुलूप नाही. या किल्लीला लागेल असं एक कुलूप बनवून द्याल का?"

किल्लीवाल्यांनी तिला तो पुन्हा वाचायला लावला. मग चष्मा पुसला, कानस शोधून काढली आणि खिडकीपाशी जागा केली.

बायको फळीवरचा डबा खाली घ्यायला निघाली होती.

"राहू दे गं तिथेच," ते म्हणाले. "अजून तीनशे नव्याण्णव कुलपं करायची आहेत."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटली आणि साखरेची बरणी उचलून खाली ओट्यावर ठेवली.