गेममुळे मारलं, असं ठरलं

बारावीच्या वर्गाला मानसशास्त्रातला आक्रमकतेचा धडा शिकवताना मी एक प्रयोग नेहमी सांगायचे. काही मुलांना मारामारीचा व्हिडिओ गेम खेळायला देतात, काहींना साधा. मग प्रत्येकाला सांगतात, शेजारच्या खोलीत एकजण बसलाय, त्याला तिखट सोसत नाही, त्याच्यासाठी तुम्ही मिरचीचा सॉस वाढा. ज्याने जास्त वाढला तो जास्त आक्रमक. असल्या प्रयोगांतून निघालेले निष्कर्ष मानसशास्त्रात कित्येक वर्षं भांडणाचा विषय आहेत. काहीजण म्हणतात, गेमचा थोडा परिणाम दिसतो. काहीजण म्हणतात, दिसतो तो इतका बारीक की त्यावरून खऱ्या हिंसेबद्दल काही बोलता येत नाही.

रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात हे ऐकून मुलं हसायची. एके वर्षी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, सॉस वाढणारा काय समोरच्याला ओळखत नसतो ना?"

"नाही."

"मग त्याला राग कशाला येईल? राग ओळखीच्या माणसाचा येतो."

मी म्हटलं, हाच आक्षेप मोठमोठ्या लोकांनीही घेतलाय. ती लाजली आणि खाली बसली. तास संपल्यावर मात्र माझ्यामागून स्टाफरूमपर्यंत आली. म्हणाली, मी पण तसला गेम खेळते, गोळीबाराचा, भावाबरोबर. भाऊ मुंबईला गोदामात कामाला होता. वडील नव्हते. आई एमआयडीसीतल्या एका कंपनीत कोळंबी सोलायला जायची.

"फोन केला तर तो 'बरा आहे' म्हणतो आणि ठेवतो," ती म्हणाली. "गेममध्ये तासभर बोलतो. 'मागे बघ, मागे बघ' ओरडतो आणि मध्येच विचारतो, आईची बोटं कशी आहेत? बर्फात हात घालून तिची बोटं फुगतात ना. एकदा खोलीतल्या पोरांशी भांडण झालेलं, ते पण त्याने गेममध्येच सांगितलं. तिकडे कोणाशी बोलतच नाही तो."

मी वीसेक वर्षं हा विषय शिकवत होते. गेम हे भावाबहिणीचं बोलण्याचं ठिकाण असू शकतं, हे माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने वर्गातल्या एका मुलीला स्टीलच्या बाटलीने मारलं. कॉलेजच्या पाण्याच्या कूलरजवळ, सगळ्यांसमोर. त्या मुलीची भुवई फुटली, टाके पडले. मी पोचले तेव्हा शिपाई फरशीवरचं रक्त पुसत होता आणि ही भिंतीला पाठ लावून उभी होती. कॉलेजचं समुपदेशनही माझ्याकडेच होतं, मी तिला त्या खोलीत नेलं.

तिथे तिने सांगितलं. ती मुलगी महिनाभर असं करत होती. हिने बाटली भरली की ती रुमाल काढायची, नळ पुसायची आणि मग आपली बाटली भरायची. मैत्रिणी हसायच्या. ही काही बोलायची नाही. त्या दिवशी नळ पुसता पुसता ती हिच्या आईबद्दल, आमच्या वाडीबद्दल एक वाक्य बोलली. ते मी इथे लिहिणार नाही. 'आमच्या' म्हणते, कारण मीही बौद्धवाडीतच वाढले, चिपळूणच्या बाजूला. ते वाक्य मी शाळेत असताना ऐकलं होतं. शब्द थोडे वेगळे होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक झाली. जखमी मुलीचे वडील आले होते, दोन ज्येष्ठ प्राध्यापक होते. हिची आई कंपनीत खाडा करून आली होती, दाराशी उभी होती. बसा म्हटलं तरी बसेना.

जखमी मुलीचे वडील म्हणाले, "दिवसरात्र गोळ्या झाडायचा गेम खेळते ती. वर्गातली पोरंच सांगतात. आणखी काय होणार?"

प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तो मला ऐकू आला. "मॅडम, हा तर तुमचाच विषय. काय म्हणतं संशोधन?"

मी सांगितलं. संशोधकांचं एकमत नाही. प्रयोगात कधी थोडा परिणाम दिसतो, कधी दिसत नाही. आणि दिसला तरी त्यावरून अमक्या मुलीने अमक्या दिवशी का मारलं हे कोणीच सांगू शकत नाही.

"म्हणजे परिणाम होतो," ते वडील म्हणाले.

"कधी कधी, प्रयोगात, अगदी थोडा—"

"झालं तर मग."

मी म्हटलं, "सर, तिने का मारलं ते तिने सांगितलंय." आणि मी नळाबद्दल सांगितलं. रुमालाबद्दल सांगितलं. ते वाक्यही सांगितलं.

मग ते वडील उठून उभे राहिले. माझी मुलगी असं बोलणारी नाही, म्हणाले. टाके माझ्या मुलीला पडलेत आणि तुम्ही तिलाच आरोपी करताय, म्हणाले. प्राचार्यांनी त्यांना हाताला धरून बसवलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, हा विषय इथे नको. कॉलेजात असं काही नाही. कोणी पाहिलंय का?"

पाहिलेल्या मुली होत्या. त्यांना बोलावलं. एकीलाही काही आठवेना.

दोघा प्राध्यापकांपैकी एकजण, ज्यांच्याबरोबर मी रोज डबा खात असे, हलक्या आवाजात मला म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे हो. पण आपल्या माणसाची बाजू घेताना तज्ज्ञ म्हणून बोलू नये." ते अगदी मनापासून बोलत होते. माझं भलं बघत होते.

अहवालात लिहिलं गेलं की विद्यार्थिनी हिंसक मोबाइल गेमच्या आहारी गेली होती आणि तज्ज्ञांच्या मते अशा गेममुळे आक्रमकता वाढते. मी सही केली नाही. माझं वेगळं म्हणणं लिहून दिलं. पुढे शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयातही पाठवलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. निर्णय असा झाला की तिने माफी मागावी, मोबाइल घरच्यांनी काढून घ्यावा आणि दर शुक्रवारी तिने समुपदेशनाला बसावं. माझ्याकडेच.

बाहेर व्हरांड्यात तिची आई म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगता तर घेते मोबाइल काढून."

"मी नाही सांगत. मोबाइलचा काही दोष नाही यात."

"मग कोण सांगतं? लिवलंय तर तसाच." ती माझ्याकडे बघत राहिली. "नाव काढून टाकतील तर? बारावी हाय तिची. मला काय कळत नाय, पण त्यांच्याशी वाद नको."

तिने त्याच दिवशी मोबाइल काढून घेतला. भावाला आईच्या साध्या फोनवर फोन करायची परवानगी होती. तो करायचा. बरा आहे म्हणायचा आणि ठेवायचा.

शुक्रवारी ती यायची. समोर बसायची, खिडकीतून ग्राउंडकडे बघायची. मी विचारलं की मान हलवायची. एकदाच बोलली. "मॅडम, त्यांनी मला रागवलं असतं की तू जातीवरून भांडलीस, तर बरं वाटलं असतं. निदान भांडण कशावरून झालं ते तरी खरं राहिलं असतं."

तिचं ते वाक्य मी नोंदवहीत तसंच लिहून ठेवलं.

कूलरवर तिला नंतर कोणी काही बोललं नाही. कारण ती तिथे जायचीच बंद झाली. घरून पाणी आणायची, मग तेही आणेना. जानेवारीत ती शुक्रवारी आली नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. परीक्षेला बसली नाही.

मे महिन्यात मी तिच्या घरी गेले. आरे-वारेच्या रस्त्याला आत वळून तिची वाडी. ती नुकतीच कामावरून आली होती, आईबरोबर कोळंबी सोलायला जायला लागली होती. हात धुऊन तिने चहा ठेवला. मी विचारलं, भाऊ कसा आहे? तिने आईकडे पाहिलं. त्याने गोदामाची नोकरी सोडली होती. दुसरी कुठली धरली, राहतो कुठे, हे दोघींनाही नीट माहीत नव्हतं. फोन कधी लागायचा, कधी नाही.

मी म्हटलं, सतरा नंबरचा फॉर्म भरू, बाहेरून बस परीक्षेला, मी शिकवते. ती "बघू" म्हणाली. आई पदराने डोळे पुसत आत गेली.

ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. फाट्यावर थांबून म्हणाली, "मॅडम, राग नका मानू, पण परत येऊ नका. तुम्ही आलात की आई दोन दिवस रडते. मग कामावर तिचा हात चालत नाही."

मी बरं म्हटलं. एसटी यायला वेळ होता. ती थांबली नाही.

फॉर्मची मुदत सप्टेंबरात संपली. जून ते सप्टेंबर मी तो फॉर्म पर्समध्ये घेऊन फिरत होते. त्या वर्षी कॉलेजने पालकांसाठी 'मोबाइल गेम आणि मुलांमधली हिंसा' यावर व्याख्यान ठेवलं. वक्ते बाहेरून बोलावले होते. हॉल भरला होता. मी मागच्या रांगेत बसून सगळं ऐकलं. शेवटी आभार मानायला मला उभं केलं, आणि मी आभार मानले.