नावाची कोरी जागा

लॅमिनेशनचं प्लास्टिक तापल्याचा वास आला की मला कोल्हापुरातल्या एका दूध संस्थेची कचेरी आठवते आणि अजूनही स्वतःचाच राग येतो. दोन हजार तीन-चार साल असेल. सभासदांची ओळखपत्रं छापायचा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहिला होता. मराठी अक्षर संगणकाच्या एका बाइटात, म्हणजे साठवणीच्या एका खणात, मावत नाही, म्हणून प्रत्येक अक्षर किती बाइटांचं आहे ते प्रोग्रॅम सी भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडला, म्हणजे लायब्ररीला, विचारायचा आणि तिनं ते अक्षर मानलं नाही तर गाळायचा. तपासताना मी आळसानं इंग्रजीत माझंच नाव टाकलं होतं, ते झकास छापलं. वार्षिक सभेच्या सकाळी रांगेतले पहिलेच, उचगावचे एक म्हातारे, गरम कार्ड घेऊन माझ्यापुढं आले. "पावणं, फोटू माझाच हाय, पर नाव कुठं हाय? सभासदातनं काढलंसा व्हय मला?" पुन्हा छापलं, पुन्हा कोरं. रांग ओरडायला लागली, मी कीबोर्ड आपटला. लायब्ररी त्यांच्या एकेका अक्षराला उणे एक म्हणत होती, म्हणजे हे अक्षरच नव्हे. तिची चूक नव्हती. कुठल्या भाषेचे नियम लावायचे हे सांगणारी एक ओळ मीच प्रोग्रॅमच्या सुरुवातीला लिहिली नव्हती, आणि ती नसली की लायब्ररी फक्त इंग्रजी अक्षरं ओळखते. ती सुचेपर्यंत सभा संपत आली होती. कार्डाशिवाय आत सोडत नव्हते, म्हणून म्हातारे बाहेर उन्हात उभे राहून कर्ण्यावरची भाषणं ऐकत होते. आज कुठलाही नवा प्रोग्रॅम तपासताना मी माझं नाव टाकत नाही, त्यांचं टाकतो.