दोघांची बाबागाडी

गोदीकाकी आज सकाळी गेल्या.

अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होत्या. आजारी नव्हत्या. चहा मागितला आणि तो येईपर्यंत थांबल्या नाहीत.

त्यांच्यामुळे माझं लहानपण माझ्या घरात गेलं. एवढंच सांगायचं आहे.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. कर्जतच्या बाजारात काकी आणि त्यांचे यजमान दत्तूकाका यांचं दुकान होतं. पाळणे, पांगुळगाडे, बाबागाड्या.

बाबागाड्या जुन्या. माथेरानला हवा खायला आलेली साहेबांची कुटुंबं त्या मागे टाकून जात. काका खाली आणून दुरुस्त करत. रबर मिळत नव्हतं, म्हणून चाकांना सुंभ गुंडाळत.

काका सुतार. गिऱ्हाइकाशी बोलायला लाजायचे. म्हणून विकणं काकींकडे. त्या तेव्हा अठराच्या असतील.

मी पाच वर्षांचा. तापात माझे दोन्ही पाय गेले होते. आई मला कडेवर घेऊन शाळेत सोडायची.

मग अशोक झाला. माझा भाऊ.

बारसं शेजारच्यांच्या पाळण्यात झालं. सव्वा महिना झाल्यावर आई स्वतःचा पाळणा घ्यायला बाजारात आली. खांद्यावर अशोक, कडेवर मी.

"वैनी, बसा आदी," काकी म्हणाल्या. "बाजाराला आलात का डोंगर उचलायला?"

"बाळाला पाळणा पायजे. आता शेजारनीचा मागून आनलाय."

"आन् ह्याला?"

"ह्याला काय? तो चाललाय मामाकडं. चौक गावाला. येत्या सोमवारी."

मला हे तिथे कळलं.

आई माझ्याकडे न बघता बोलत राहिली. "दोगांना कशी उचलू गं? तिकडं मामी हाय, मानसं हायेत. शाळेचं… बघू."

"बघू" म्हणजे काय, ते पाचव्या वर्षीही कळतं.

मी रडलो नाही. समोरच्या पाळण्याची खुंटी घट्ट धरली. काकींनी ते पाहिलं.

"पाळणा मी देनार नाय," त्या म्हणाल्या.

आत काकांचा रंधा थांबला.

"का गं? मग दुकान कशाला मांडलंस?"

"शेजारच्या पाळण्यात बाळ झोपतंय ना? मग त्योच अजून चार महिने मागून घ्या. तुमाला गाडी पायजे. दोगांची."

आई हसली. "मी काय मडम हाय?"

"मडमेला कुठं दोन पोरं घेऊन बांदावरनं जावं लागतंय?"

दुकानात दोघांच्या दोन गाड्या होत्या. पहिली रुंद. दोन मुलं शेजारी-शेजारी. आईने तिच्यावरून हात फिरवला.

काकी माझ्यासमोर उकिडव्या बसल्या.

"काय रं, तुमच्या बांदावर दोन मानसं समोरासमोर आली तर काय करतात?"

"एक चिखलात उतरतो."

"कोन?"

"आमचा आजा नाय उतरत. दुसरा उतरतो."

काकी खळखळून हसल्या. "ऐकलंत, वैनी? ही रुंद गाडी नको. रोज आज्याशी भांडन."

दुसरी गाडी लांब होती. एकामागे एक बसायची.

"बाळ पुढं," आई म्हणाली.

"बाळाला काय बगायचंय? बाळ मागं, तुमच्याकडं तोंड करून. हा पुढं, तोंड रस्त्याकडं. शाळा ह्याची हाय."

आई आत जाऊन पाणी पिऊन आली. मला पुढे बसवलं. अशोकला मागे निजवलं. मग काकींनी माझ्या हातात एक दोरी दिली. ती ओढली की लाकडी ठोकळा चाकाला घासायचा आणि गाडी थांबायची.

"नदीचा उतार आला का ओढायची. डुलक्या काडायच्या नाय. भाऊ तुज्या जिवावर हाय."

आणि आईला म्हणाल्या, "आता सांगून ठेवते. हा नसला तर उतारावर गाडी न्यायची नाय. ब्रेक ह्याच्याकडं हाय."

आई दोरीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"ओढ रं," ती म्हणाली.

मी ओढली. आईने मागून जोर लावला. गाडी हलली नाही.

सोमवारी मी चौकला गेलो नाही.

शाळेत गेलो.

त्या गाडीतून तीन वर्षं गेलो. पुढे कुबड्या आल्या. हायस्कूल, कॉलेज, मग जन्मभर साहित्य शिकवलं.

अशोक म्हणतो, दादा, तू दोनदा उतारावर दोरी सोडली होतीस. तो तान्हा होता. त्याला काय आठवणार.

मागच्या वर्षी माझ्या नातीला दुसरं बाळ झालं. ती मोबाइलवर डबल स्ट्रोलर बघत होती. वजन किती, फोल्ड होतो का, कप-होल्डर आहे का. मी म्हटलं, यातलं मला कळत नाही, कळणाऱ्या माणसाकडे जाऊ.

काकींनी सगळे फोटो नीट पाहिले. मग विचारलं, "मोठीला विचारलंस का?"

नातीने मोबाइल खाली ठेवला.

"बाळ कशातबी झोपतंय गं. दोगांची गाडी घेताना मोठ्याकडं बगायचं."

मी तेव्हा विचारून घेतलं. "काकी, ब्रेकची दोरी मागे आईच्या हाताशी का नाही दिलीत? ते सोपं होतं."

"सोपंच होतं. ह्यांनी मागंच बांदली होती. तुजी आई पानी प्यायला आत गेली तवा मी सोडली, आन् पुढं घेतली."

"का?"

"तिला तुला पाठवायचं नव्हतं रं. फकस्त कारन सापडत नव्हतं."

आई जाऊन चाळीस वर्षं झाली. ही गोष्ट मला ती असताना कळायला हवी होती. पण कळली.

नातीने गाडी घेतली. घ्यायला मोठीला सोबत नेलं होतं.

काकी, मी घरीच वाढलो. आईजवळ.

हे तुमच्यासमोर बसून नीट सांगायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहिलं.

सावकाश जा. माझा नमस्कार.