पत्तेबाई

पत्तेबाई कुणाच्याही दारात गेल्या तरी "अमुक आहेत का?" असं कधी विचारत नसत. उंबऱ्याबाहेर चप्पल काढायच्या, खांद्यावरची पिशवी हातात घ्यायच्या आणि आतल्या कुणाचं लक्ष जाईपर्यंत गप्प उभ्या राहायच्या. तेवढ्यात त्यांची नजर घरभर फिरून यायची. भिंतीवर नवीन फोटो लागलाय का, औषधांचा डबा जागेवर आहे का, कॉटवर कोण झोपलंय. मग हळू आवाजात म्हणायच्या, "कसं चाललंय घरात?" नोकरीच्या सुरुवातीला लालबागच्या एका चाळीत त्यांनी दारातूनच एका पेशंटचं नाव घेऊन "आहेत का?" असं विचारलं होतं. नेमकं त्या दिवशी त्या माणसाचं दहावं होतं. "त्याच्या बायकोने माझ्याकडे बघितलं ना मॅडम," त्या मला म्हणाल्या होत्या, "त्यानंतर तो प्रश्न मला कुणाला विचारताच आला नाही."

हजेरीपटावर त्यांचं नाव होतं शालन जाधव. पण परळच्या ज्या रुग्णालयात आम्ही दोघी काम करायचो, तिथल्या संशोधन विभागात शिपायापासून विभागप्रमुख सरांपर्यंत सगळे त्यांना पत्तेबाईच म्हणत. नवीन आलेल्याला वाटायचं, बाई पत्ते खेळतात. खरं म्हणजे अभ्यासातल्या प्रत्येक रुग्णाचा पत्ता त्यांना तोंडपाठ होता, आणि तोही कागदावर असतो तसा नव्हे. "नाक्यावर मसाल्याची गिरण आहे, तिच्या बाजूच्या जिन्याने दुसरा मजला, निळ्या पिंपासमोरची खोली." खोलीचा नंबर सगळ्यात शेवटी, आणि विचारला तरच. त्यांचे वडील कापडगिरणीत होते, जन्म परळच्याच चाळीतला. सकाळी घरी बुद्धवंदना करायची, डबा भरायचा आणि चालत कामावर यायचं, हा त्यांचा क्रम होता. या भागातले जिने त्यांच्या पायांना ठाऊक होते.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून तिथे लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. दादरला राहायचे, म्हणजे तशी जवळचीच. पण चिंचपोकळीच्या चाळीत मी तोवर एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. माझं काम कॉम्प्युटरवरचं. लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून ताप येतो आणि काही मुलांच्या हृदयाची झडप त्यात कायमची आखडते. अशा रुग्णांच्या मांडीच्या शिरेतून फुगा आत नेऊन ती झडप मोकळी करतात. छातीवर टाका नाही, व्रण नाही. मात्र पुढे कित्येक वर्षं दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन घ्यावं लागतं आणि तपासणीला यावं लागतं. फुग्याने झडप मोकळी केलेले रुग्ण काही वर्षांनी कसे आहेत, कुणाला पुन्हा धोका होतो, हे शोधणारा आमचा अभ्यास होता. सरांनी अर्धं आयुष्य या कामात घातलं होतं. माझ्या पडद्यावर एकेक रुग्ण म्हणजे एकेक ओळ होती.

अभ्यासाचा पहिला टप्पा संपत आला तेव्हा बऱ्याच ओळींपुढे एकच शेरा होता: संपर्क नाही. फोन बंद, पत्र परत. जे तपासणीला येत होते ते बहुतेक छान होते. सर खूश होते. परिषदेत वाचायचा निबंध जवळजवळ लिहून झाला होता. "जे सापडत नाहीत ते वगळा," ते मला म्हणाले, "सगळेच असं करतात." मी वगळले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुपारी पत्तेबाई माझ्या टेबलापाशी आल्या. "मॅडम, त्या न सापडलेल्यांची यादी काढून द्याल का? छापून?" मी दिली. त्यांनी उभ्याउभ्याच पेनने खुणा करायला सुरुवात केली आणि कागद माझ्यासमोर धरला. "बघा. सगळ्या पोरी."

मी पाहिलं. सगळ्या नव्हत्या, पण बहुतेक होत्या. आमच्याकडे आल्या तेव्हा पंधरा-सोळा ते वीस वर्षांच्या. "आता ह्यांची लग्नं झाली असतील," पत्तेबाई म्हणाल्या. "आडनाव गेलं, बापाचं नाव गेलं, काहींचं तर तांदळात लिहून पहिलं नावसुद्धा गेलं. तुमच्या कॉम्प्युटरला कुठून सापडणार? त्यांच्या आयांना विचारलं पाहिजे."

त्यांनी सरांकडे एक महिना मागितला. सर वैतागले, पण नाही म्हणाले नाहीत.

त्या महिन्यात पत्तेबाई सकाळी हजेरी लावून निघायच्या आणि संध्याकाळी पाय सुजवून परत यायच्या. फॉर्म माझ्या टेबलावर ठेवायच्या. फारसं बोलायच्या नाहीत. एकदा मात्र फॉर्म ठेवून त्या तशाच खुर्चीत बसल्या. लालबागच्या एका आईकडे जाऊन आल्या होत्या. मुलगी लग्नानंतर दीड वर्षात गेली होती, गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात. धाप लागत होती, सासरच्यांनी दम्याचं औषध दिलं. फुग्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. "आई म्हणाली, छातीवर खूण नव्हती, मग कशाला सांगायचं? मुलीचं कसं जमणार? इंजेक्शनचं कार्ड अजून तिच्याच कपाटात आहे." पत्तेबाईंनी पाण्याचा ग्लास हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही उद्या माझ्याबरोबर चला. नुसतं लिहून घेऊन तुम्हाला नाही कळायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही चिंचपोकळीला गेलो. जिचा शोध होता ती आमच्या नोंदीत वैशाली होती आणि सासरी साक्षी. पत्ता तिच्या आईने दिला होता, रडत रडत, कुणाला काही बोलणार नाही अशी शपथ घालून. खाली लेथ मशीनचे गाळे, वर चाळ. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. सासू तांदूळ निवडत होती. पत्तेबाई नेहमीप्रमाणे उभ्या राहिल्या, सासूने मान वर केली, तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या सुनेच्या आईच्या ओळखीची मी. इकडे आले होते, म्हटलं बघून जावं."

सून आतून आली. पाच महिन्यांची गरोदर. मोरीपासून दारापर्यंत चार पावलं चालली तेवढ्यानेच तिचे खांदे वर-खाली होत होते. पत्तेबाईंना पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. हॉस्पिटलच्या दिवसांपासून ती त्यांना ओळखत होती.

"हिका काय झेपना नाय," सासू म्हणाली. "आमी नऊ महिने नळावरसून पाणी भरलंव."

पत्तेबाई तिला गॅलरीत घेऊन गेल्या. मी मागोमाग गेले. ती कुजबुजत म्हणाली, "ताई, पाया पडते, बोलू नका काही. सोडतील मला."

"मी बोलणार नाही," पत्तेबाई म्हणाल्या. "तुझं आहे, तू सांगायचंस. पण आज सांगायचंस."

"नाही हो होणार माझ्याने."

"रात्री उशीवर डोकं टेकून झोप लागते का?"

तिने मान हलवली. बसूनच रात्र काढत होती.

"मग ऐक. लालबागची एक पोर होती, तुझ्याच वयाची. मी तिच्या घरी उशिरा पोचले." त्यांनी तिचा हात धरला. "जीव असेल तर सोडण्या-धरण्याची गोष्ट. मी इथेच उभी आहे. हलणार नाही."

मला आजही आठवतं, त्या क्षणी मला आत जाऊन सगळं सांगून टाकावंसं वाटत होतं. एका वाक्याचं तर काम होतं. पण पत्तेबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कठड्याला धरून उभी राहिले. शेवटी तिनेच नवऱ्याला खालच्या गाळ्यातून बोलावलं. तो तेलाचे हात पुसतच आला. ती दोघं आतल्या कोपऱ्यात बोलत होती आणि आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते. एकदम सासूचा आवाज चढला. "आमका फसयल्यान हिच्या आवशीन! फसयल्यान!" हातातलं सूप तिने जमिनीवर आपटलं. तांदूळ गॅलरीपर्यंत आले.

नवरा भिंतीला टेकून खाली बसला होता. "जिना चढताना थांबायचीस," तो तिला म्हणाला, "मी म्हणायचो, नाटकं करते." आणि त्याने तेलकट हातांनीच तोंड झाकलं.

सासू उठून बाहेर आली. डोळे लाल होते. पत्तेबाईंसमोर उभी राहून म्हणाली, "आता काय करूचा ता सांगा."

अर्ध्या तासात आम्ही सगळे टॅक्सीत होतो. सासू पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. मागे आम्ही दाटीवाटीने. वैशालीच्या फुप्फुसांत पाणी भरायला लागलं होतं. तिला दाखल केलं. औषधं दिली, मग क्ष-किरण बाळाला लागू नयेत म्हणून पोटावर शिशाचं आवरण घालून पुन्हा एकदा फुगा घातला. तो स्वतः सरांनी घातला. तिला मुलगी झाली, दिवस भरल्यावर, धडधाकट. सासू पहिले तीन महिने तिच्या आईशी बोलत नव्हती, पण इंजेक्शनच्या दिवशी सुनेला घेऊन तीच यायची.

सगळ्याच अशा निभावल्या नाहीत. महिनाअखेर पत्तेबाईंच्या फॉर्मांचा गठ्ठा माझ्यासमोर होता आणि मी पुन्हा हिशोब मांडला. उत्तर बदललं. जे आमच्याकडे येत राहिले ते बरे होते, म्हणूनच येऊ शकत होते. लग्न होऊन गेलेल्या मुलींना बाळंतपणात किती मोठा धोका होता, ते आम्ही वगळलेल्या ओळींमध्ये पडून होतं. मी कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "हे आधी का नाही दिसलं?" ते माझ्यावर ओरडले. पत्तेबाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, मॅडमना काय बोलता? आपण कुणीच बघायला गेलो नव्हतो."

सरांनी निबंध मागे घेतला. वर्षभराने दुसराच लिहिला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, मुलींना घरी पाठवताना आई आणि मुलगी दोघींना समोर बसवून लग्नाचं आणि बाळंतपणाचं स्पष्ट बोलायला त्यांनी सुरुवात केली. आधी ते काम ते नर्सवर सोडायचे.

"तुम्ही एवढं का करता?" असं मी पत्तेबाईंना एकदा भाबडेपणाने विचारलं होतं. त्या डबा धूत होत्या. "पगार मिळतो," त्या म्हणाल्या. कौतुक केलेलं त्यांना आवडत नसे. नव्या निबंधात त्यांचं नाव घातलं गेलं तेव्हा मी उत्साहाने छापील पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते पाहिलं, आणि पहिला प्रश्न केला, "ह्यात पोरींची नावं नाहीत ना कुठे?" नाहीत म्हटल्यावर पान परत दिलं.

काही वर्षांनी प्रकल्प संपला. त्या कंत्राटी होत्या, त्यांना निरोप दिला. मी नारळ आणि साडी दिली, दर महिन्याला भेटायचं ठरलं. दोनदा भेटलो. मग माझं लग्न, मूल, दुसरी नोकरी. त्या मुलाकडे शीव कोळीवाड्याला राहायला गेल्याचं कळलं होतं. त्यांचा फोन लागेनासा झाला, तेव्हा नंबर बदलला असेल म्हणून मी सोडून दिलं. दादर ते शीव कोळीवाडा, अंतर ते किती! मी गेले नाही.

गेल्या वर्षी जुन्या विभागातली एक नर्स रस्त्यात भेटली आणि सहज बोलावं तसं म्हणाली, "पत्तेबाई गेल्या ना." त्याच आठवड्यात मी पत्ता शोधत त्यांच्या मुलाकडे पोचले. पाच महिने झाले होते. मूत्रपिंडं निकामी झाली होती, दोन वर्षं डायलिसिसवर होत्या. मुलगा, माझ्याच वयाचा, बसमध्ये कंडक्टर. म्हणाला, "एक तारीख चुकवली नाही आईने. ताप असला तरी जायची."

मी निघायला उठले तेव्हा त्याने कपाटातून एक चिठ्ठी काढली. जिथे डायलिसिसला जायच्या तिथे रुग्णांवर काही अभ्यास चालू होता, पत्तेबाईंनी त्यात स्वतःहून नाव दिलं होतं. "आईने मला सांगून ठेवलं होतं," मुलगा म्हणाला, "मी गेले की ते लोक फोन करतील, किंवा कुणी बाई येईल घरी. तिला आत बसव, पाणी दे, आणि तारीख-वेळ नीट सांग. अंदाजे सांगू नकोस. म्हणून मी त्याच दिवशी लिहून ठेवलं." चिठ्ठीवर तारीख होती, वेळ होती, शेवटचे दोन दिवस काय काय झालं ते ओळीने लिहिलेलं होतं. "पण कुणी आलंच नाही, ताई. फोनही नाही."

मी ती चिठ्ठी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि त्या केंद्रात गेले. अभ्यासाचं काम बघणारी मुलगी चोवीस-पंचवीसची असेल. तिने नाव विचारलं. मी सांगितलं, शालन जाधव. तिने यादी खाली सरकवत नेली, आणि थांबली. त्या ओळीपुढे काय लिहिलेलं असणार ते मला ठाऊक होतं: संपर्क नाही. "पेशंट तुमच्या कोण?" तिने विचारलं.

"आम्ही एकत्र काम करायचो," मी म्हटलं.

तिने मला खुर्ची दिली. मी चिठ्ठी उलगडली आणि सावकाश वाचून दाखवू लागले. ती लिहून घेत होती. मध्येच तिचा हात थांबला, तिने वर पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, बाकीच्यांच्या घरी पण जाऊन बघायला हवं का हो?"