पुलाच्या राखणदारणीचा बूट

रविवारी दुपारी जेवणं उरकली की माझा नवरा टीव्हीला गेम जोडून बसतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी सरळ आतल्या खोलीत जाऊन पडायचे. मग एकदा नुसतं बघत बसले आणि हळूहळू कंट्रोलर माझ्या हातात आला. लढाया मला जमत नाहीत. मला आवडायचं ते वस्तू गोळा करणं. त्या गेममध्ये पडक्या किल्ल्यांत, कोरड्या विहिरींच्या तळाशी शेकडो वस्तू सापडतात आणि प्रत्येकीखाली दोन-तीन ओळींचा मजकूर असतो. नवरा तो न वाचताच पुढे जायचा. मी ओळ न् ओळ वाचायचे.

त्या रविवारी एका पेटीत मला सुई सापडली. मिठाची सुई. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, हिने फाटलेली झोप शिवता येते.

मी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"ही दादाची सुई आहे," मी म्हटलं.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा शेजारच्या बंगल्याच्या जिन्यावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. आम्ही सिडकोच्या वसाहतीत राहायचो. कमरेपर्यंत प्लास्टर, तीन महिने पलंगावर. दादा सतरा वर्षांचा होता. रोज संध्याकाळी कॉलेजातून आला की खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसायचा आणि गोष्ट सांगायचा. एक नदीकाठचं शहर होतं. तिथे झोप फाटायची आणि मिठाच्या सुईने शिवून घ्यावी लागायची. तिथे एक भित्री किल्ली होती, दाराआड कोणी रडत असलं की थरथरणारी. आणि एक मुलगी होती, जिचा एक पाय आखूड होता. नदीवरचा पूल फक्त तिच्यासाठी उघडायचा, कारण तिच्या वेड्यावाकड्या पावलांचा आवाज तो ओळखायचा.

प्लास्टर काढलं तेव्हा माझा उजवा पाय जरासा आखूड राहिला होता. तो आजही तसाच आहे. शाळेत मुली माझ्या चालीची नक्कल करायच्या. मी रडले नाही. मला वाटायचं, यांच्यासाठी कुठलाही पूल उघडणार नाही.

"दादा, हे सगळं तू रचलंस?" मी त्याला तेव्हा विचारलं होतं. तो हो म्हणाला होता.

पुढच्या दोन रविवारी किल्ली सापडली आणि मग बूटही. एकच बूट, जाड तळव्याचा. खाली लिहिलं होतं: पुलाच्या राखणदारणीचा. पूल तिचं पाऊल ओळखतो.

कोणीतरी दादाच्या गोष्टी चोरल्यात, असंच मला वाटलं. दादा पुण्यात असतो, मालिकांचे संवाद लिहितो, मुलांसाठी गोष्टींच्या कार्यशाळा घेतो. कोणाला तरी त्याने त्या सांगितल्या असतील आणि त्या माणसाने त्या विकल्या असतील. मी त्याला लगेच फोन लावला आणि भडाभडा सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "असेल योगायोग. सोडून दे."

"तिन्ही वस्तू? योगायोग?"

"अगं, मी आत्ता कामात आहे. नंतर बोलू."

नवरा शेजारीच बसला होता. तो जपून म्हणाला, "हे गेम बनवणारे लोक पुस्तकवेडे असतात. आपल्या आवडीच्या कादंबऱ्यांतल्या गोष्टी असल्या वस्तूंत लपवून ठेवतात. खेळणारे त्या शोधून काढतात. नेटवर याद्या असतात त्यांच्या. बघ एकदा."

मी बघितलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. कोणीतरी हौशीने तिन्ही वस्तूंचे फोटो लावले होते आणि खाली एका जुन्या परदेशी कादंबरीचं नाव लिहिलं होतं. ती आता छापत नाहीत, असंही लिहिलं होतं. मी जुन्या पुस्तकांच्या एका साइटवरून ती मागवली. ती यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस मी सिन्नरला कामावर कंपनीच्या बसने जाताना-येताना स्वतःला एकच सांगत होते, की दादाने सुई आणि किल्ली तिथून घेतली असेल, पण मुलगी त्याची असेल. मुलगी माझ्यावरून सुचली असेल.

मुलगी चाळिसाव्या पानावर होती. आखूड पाय, जाड तळव्याचा बूट, पूल, सगळं. तिने पुलाशी बोललेली वाक्यं मला पाठ होती. दादाने ती फक्त मराठीत आणली होती.

ही गोष्ट लहानपणीच संपली असती तर मी हसून सोडून दिली असती. पण मी तेरा वर्षांची असताना दादाने घरी सांगितलं की त्याला इंजिनिअरिंग सोडायचं आहे, लिहायचं आहे. बाबा गणिताचे शिक्षक. ते आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. शेवटी मीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "बाबा, तुम्ही ऐकलेलं नाही, मी ऐकलंय. तीन महिने रोज. दादाच्या डोक्यात अख्खं शहर होतं." बाबा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तू उगाच बोलणारी नाहीस." आणि दादा पुण्याला गेला. माझी पदवी झाली तेव्हा मलाही पुण्यात पुढे शिकायचं होतं, पण घरात तेव्हा एकाची नोकरी लागणं गरजेचं होतं. ती माझी लागली. बाबा पाच वर्षांपूर्वी गेले. मुलगा लेखक आहे, असं ते शेवटपर्यंत लोकांना सांगायचे.

पुस्तक पर्समध्ये घालून मी पुण्याला गेले. दादाने दार उघडलं, पुस्तक बघितलं आणि खुर्चीत बसला.

"तुझ्यासाठीच आणलं होतं मी ते," तो म्हणाला. "कॉलेजच्या लायब्ररीत सापडलं. तुझा पाय आखूड राहील असं डॉक्टर म्हणाले होते. त्यात ती मुलगी होती."

"मग पुस्तक दाखवायचंस मला."

"तुला इंग्रजी कुठे येत होतं?"

"वाचून दाखवायचंस. पुस्तकात आहे म्हणायचंस. मला तेवढंही पुरलं असतं."

"तू विचारलंस, तू रचलंस का. तुझा चेहरा बघून मी हो म्हणालो. मग तू आल्यागेल्याला सांगत सुटलीस. मी कधी सांगणार होतो?"

"मी बाबांकडे गेले त्या दिवशी. तेव्हा सांगायचंस. शेजारच्या खोलीत होतास तू."

त्याच्यामागे कपाटात त्याचा एकमेव कथासंग्रह होता. त्याच्या प्रस्तावनेत पहिलंच वाक्य असं आहे: आजारी बहिणीच्या उशाशी बसून मी माझी पहिली गोष्ट रचली. ते वाक्य मी पूर्वी ऑफिसात मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं.

"निदान हे बदल," मी म्हटलं.

"दुसरी आवृत्ती निघणार आहे. बघतो," तो म्हणाला.

परत आल्यावर मी आईकडे गेले. ती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही.

"ते पुस्तक त्याच्या गादीखाली असायचं," ती म्हणाली. "लायब्ररीत परत द्यायला मीच त्याच्यामागे लागले होते."

"तुला माहीत होतं?"

"तू किती खुश होतीस तेव्हा."

"आणि मी बाबांशी बोलले तेव्हा? आई, मी त्यांना खोटं सांगत होते, हे तुला कळत होतं ना?"

आईने मेथीची काडी बाजूला ठेवली. "तुझ्यामुळे ते निवळले. घरात आठवडाभर कोणी नीट जेवलं नव्हतं. मी कशाला मध्ये पडू?"

मी चहा न घेता उठले. दादाचं मला समजू शकत होतं, तो तेव्हा पोरगाच होता, अडकला होता. पण बाबा माझ्या शब्दावर विसंबले होते. तो शब्द खोटा आहे हे घरातल्या दोघांना माहीत होतं आणि दोघांनी तो चालू दिला. बाबांना आता मी काहीच सांगू शकत नाही.

दुसरी आवृत्ती दिवाळीच्या आधी आली. दादाने एक प्रत कुरियरने पाठवली, सोबत चिठ्ठी नव्हती. मी उभ्याउभ्याच प्रस्तावना उघडली. आजारी बहिणीच्या उशाशी बसून मी माझी पहिली गोष्ट सांगितली, असं आता तिथे आहे. 'रचली'च्या जागी 'सांगितली'. बाकी सगळं जसंच्या तसं. त्या कादंबरीचं नाव कुठेही नाही.

आईचा फोन आला. "बदललं ना त्याने?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं, "एक शब्द."

"मग झालं तर. भाऊबीजेला येतेस ना?"

त्या दिवशी कंपनीत सुट्टी होती. ड्यूटी आहे, असं मी तिला सांगितलं.